आवक-जावक

काल्हेरला आम्ही अजून गावच म्हणतो. ठाण्याहून बाळकूम सोडून काशेळीचा पूल ओलांडला की लगेच ते लागतं. माझ्या लहानपणी खाडीत रेतीच्या होड्या दिसत आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातशेती होती. आज त्या शेतांवर गोदामं आहेत. मुंबईत माल न्यायचा तर जकात भरावी लागे, म्हणून व्यापारी माल हद्दीबाहेर, भिवंडी तालुक्यातल्या गावांत उतरवून ठेवू लागले. 2017 साली जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत. उलट लोक घरबसल्या फोनवरून वस्तू मागवू लागल्यापासून ती वाढलीच. काशेळी, काल्हेर, कोपर, पूर्णा, राहनाळ, वळ... एक गाव कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे आता फक्त तलाठ्यालाच सांगता येईल.

गोदाम म्हटलं की कुत्री आलीच. ती कुणाच्या मालकीची नसतात. रात्रपाळीचा वॉचमन उरलेली रोटी टाकतो आणि ती त्याच्याबरोबर रात्रभर जागतात. आमच्या गोदामातल्या एका कुत्रीनं गेल्या पावसाळ्यानंतर पाच पिल्लं घातली. दोन टेम्पोखाली गेली, एक आजारानं मेलं, एक कुणीतरी उचलून नेलं. उरलं ते वॉचमनच्या सात वर्षांच्या मुलीनं आपलंसं केलं. ही माणसं उत्तर प्रदेशातली, पण मुलगी इथल्या मराठी शाळेत जाते आणि माझ्याशी मराठीतच बोलते. गोदामात वाढलेली मुलगी ती, तिनं पिल्लाचं नाव ठेवलं ‘पार्सल’.

मी या गोदामात आल्या-गेल्या मालाचा हिशेब ठेवतो. हमाल मला मेहताजी म्हणतात. गोदामातल्या कारकुनाला मेहताजी म्हणायची पद्धत आहे. तो भिवंडीचा कोकणी मुसलमान असला तरी मेहताजीच. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे पाळीव कुत्र्यांचा खाऊही येऊ लागला आहे. त्याला ‘ट्रीट’ म्हणतात. बिस्किटं, सुकवलेल्या चामड्याची हाडं, दात साफ करणाऱ्या कांड्या. पंधराव्या मजल्यावर राहणाऱ्या कुत्र्यांसाठी तो माल इथून रवाना होतो आणि त्याची राखण करणारी कुत्री शिळी रोटी खातात. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. इथल्या हमालानं आयुष्यभर उचललेले फ्रीज तरी कुठे त्याच्या घरी पोहोचतात!

जानेवारीतली दुपार होती. माल उतरवताना एक खोका फाटला आणि कांड्या प्लॅटफॉर्मवर पसरल्या. बोटाएवढ्या लांब, चारी बाजूंनी खाचा पाडलेल्या. फाटलेला खोका ‘डॅमेज’ म्हणून बाजूला पडतो. मुलीनं त्यातली एक कांडी उचलून पार्सलला दिली. तेवढ्यात त्याची आई कोपऱ्यातून उठली. आई येतेय हे दिसताच पिल्लानं मान वर केली आणि आख्खी कांडी एका घासात आत घेतली.

मी जोहरच्या नमाजासाठी वुजू करून नळावरून परतत होतो. मुलगी किंचाळली. पार्सल मान ताणून खोकत होतं, पंज्यानं तोंड खरवडत होतं, तोंडातून लाळेची तार लोंबत होती. सगळे भोवती जमले. एक म्हणाला, मिठाचं पाणी पाजा, उलटी होईल. दुसरा म्हणाला, तेल सोडा, घसरून जाईल. तिसऱ्यानं केळं आणलं. मी खाली बसलो तेव्हा भिवंडीच्या मोमीन मोहल्ल्यातला आमचा हमाल म्हणाला, “मेहताजी, हाथ मत लगाओ. वुजू टूट जाएगा.”

मी हात लावला. वॉचमननं पिल्लाला मांडीवर धरलं, मी एका हातानं वरचा जबडा आणि दुसऱ्यानं खालचा धरून तोंड उघडलं, एकानं मोबाइलची बॅटरी मारली. घशात काही दिसत नव्हतं. कांडीचं टोक दिसलं असतं तर चिमटीत धरून ओढता आलं असतं. दिसत नसताना बोट खुपसण्यात अर्थ नव्हता, त्यानं वस्तू आणखी खाली सरकते. पिल्लू अजून खोकत होतं. मग त्यानं दोन-तीनदा जोरानं आवंढा गिळला, अंग झाडलं आणि माझ्या तळव्याला लागलेला कांडीचा चुरा चाटायला लागलं.

लोक हसले, पांगले. मुलगी मात्र हलली नाही. तिनं विचारलं, “काका, आता ती कांडी आतून त्याला मारेल का?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ठाण्याच्या एका जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. गोदामातल्या भटक्या पिल्लासाठी फोन आहे म्हटल्यावरही त्यांनी तो ठेवला नाही. त्यांनी जे विचारलं आणि सांगितलं, ते मी इथे जरा सविस्तर लिहितो. कधी ना कधी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न होता श्वासाचा. गळ्यात वाटा दोन, एक हवेची आणि एक अन्नाची. वस्तू हवेच्या वाटेत अडकली तर वेळ मिनिटांत मोजायची. पण जनावर खोकत असेल, आवाज काढत असेल, तर हवा जाते-येते आहे. त्याला खोकू द्यावं, ते स्वतःच स्वतःचं काम करत असतं. आवाज बंद झाला, हिरड्या आणि जीभ निळसर पडली, पिल्लू लटपटू लागलं, तर मात्र थांबायचं नाही. तोंडात बघायचं, दिसलं तर काढायचं. नाही दिसलं तर लहान पिल्लाला मागच्या बाजूनं उचलून डोकं खाली करायचं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं चार-पाच थापा द्यायच्या. तेवढ्यानं भागलं नाही तर बरगड्यांच्या मागे, पोटाच्या मऊ भागावर आत आणि पुढे असा दाब द्यायचा. आणि हे सगळं करत असतानाच दवाखान्याची वाट धरायची. वस्तू बाहेर पडली तरी एकदा डॉक्टरांना दाखवायचं, कारण आत सूज राहू शकते.

दुसरा प्रश्न होता हिरड्यांच्या रंगाचा. मी ओठ वर करून पाहिलं. गुलाबी होत्या.

तिसरा प्रश्न, गिळलं ते काय होतं? मी पाकिटावरचं वाचून दाखवलं. तांदळाचं पीठ, मक्याचा स्टार्च, असं काही. डॉक्टर म्हणाले, हे पोटात विरघळतं. चामड्याचं हाड असतं तर ते पोटात फुगलं असतं, शिजवलेलं हाड असतं तर त्याच्या चिरफळ्या टोचल्या असत्या, तेव्हा गोष्ट वेगळी होती. मग त्यांनी काय करायचं नाही ते सांगितलं. मिठाचं पाणी नाही. पिल्लाच्या अंगात जास्त मीठ गेलं तर तेच जीव घेतं. तेल नाही, ओतलेलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं. जबरदस्तीनं उलटी नाही, कारण वस्तू खाली जाताना अडकली नाही म्हणून वर येताना अडकणार नाही असं नाही. काही तास पोटाला आराम, मग थोडं पाणी, मग मऊ भात. आणि दोन-तीन दिवस नजर. सतत लाळ गळणं, पुन्हा पुन्हा आवंढे गिळणं, खाल्लेलं जसंच्या तसं बाहेर येणं ही अन्ननलिकेत अडकल्याची खूण. उलट्या, खाणं सोडणं, पोट ताठ होणं, शी बंद होणं ही पुढे आतड्यात अडकल्याची. यातलं काहीही दिसलं तर घरी प्रयोग न करता दवाखाना. ठाण्यात सोय झाली नाही तर परळ आहेच. तिथे 1886 साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि लागूनच बाई साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं जुनं रुग्णालय.

शेवटी त्यांनी विचारलं, “तुमच्या हाताला चावलं का? कुठे खरचटलंय?” भटक्या कुत्र्याचा दात लागला असेल किंवा त्याची लाळ जखमेत गेली असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. पिल्लू लहान आहे म्हणून सूट नाही. मी दोन्ही हात उजेडात धरून पाहिले. कातडी कुठे फाटलेली नव्हती.

म्हणजे आता काम एकच उरलं, वाट बघण्याचं. मला रजिस्टरची सवय. मी आवक-जावक रजिस्टरचं शेवटचं पान उघडलं आणि मुलीला समोर बसवून लिहिलं: “दु. 1.40 – आवक. कांडी, 1 नग, अखंड.” तिला तारखा-वेळा लिहिता येत होत्या, पुढची नोंद तिच्याकडे सोपवली. “4.10 – पाणी प्यायलं. उलटी नाही.” “7.00 – भात दोन चमचे. शेपूट हलवलं.” रात्री वॉचमननं दर फेरीला त्याच्यावर बॅटरी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी माल घेऊन आलेला प्रत्येक ड्रायव्हर चलन देण्याआधी विचारत होता, “मेहताजी, जावक झाली का?” सव्वाअकराला मुलगी धावत आली. रजिस्टरमध्ये तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं, “जावक.” पुढे “सही” असा रकाना होता. तिथे तिनं स्वतःचं नाव लिहिलं.

पिल्लं अशी का गिळतात, हे मी नंतर समजून घेतलं. कुत्र्याचा जबडा आपल्यासारखा आडवा फिरत नाही, वरखाली चालतो. त्याच्या दाढा मुख्यतः कापायला आहेत, दळायला फारशा नाहीत. धान्य तोंडातच पचवायला लागावं असं काही त्याच्या लाळेत फारसं नसतं. ते काम पुढे लहान आतड्यात होतं. तेव्हा तुकडा करायचा आणि ढकलायचा, हा त्याचा जातिस्वभावच. त्यात पिल्लू वाढतं भावंडांच्या झोंबाझोंबीत. जो चावत बसला त्याचा घास दुसऱ्यानं नेला. पार्सलची चारही भावंडं आज नाहीत, पण शिकवण अंगात राहिली आहे. शिवाय आई समोरून येत होती.

हे वाचताना मला आमचे हमाल आठवले. कंटेनर दारात लागला की अर्धा डबा तसाच सोडून उठावं लागतं, म्हणून ते चपातीची चौघडी करून दोन घासांत संपवतात. पहिल्यांदा पाहिलं की वाटतं, ही माणसं अधाशी आहेत. ती अधाशी नसतात. सावकाश चावून खायला पुढचा घास आपलाच आहे याची खात्री लागते.

आता वुजूचं. पिल्लू शांत झालं तेव्हा माझे दोन्ही हात लाळेनं भिजलेले होते. आमच्या मोमीन भावाला मी सांगितलं की कुत्र्याला हात लागल्यानं वुजू मोडत नाही. जिथे लाळ लागली ती जागा धुवावी लागते. तो म्हणाला, “हमारे यहाँ तीन बार.” मी म्हणालो, आमच्याकडे सात वेळा, त्यातली एक मातीनं. भिवंडीत हे दोन्ही मसलक शेजारी शेजारी नांदतात. उत्तरेतून आलेले मोमीन विणकर हनफी, आम्ही कोकणी शाफई. मालिकी लोक तर कुत्र्याला मुळात नापाकच मानत नाहीत. चौघेही इमाम आमचेच. तेव्हा तिथे भांडणाचं कारण नव्हतं, प्रश्न मातीचा होता. गोदामाच्या आवारात सगळा सिमेंट-काँक्रीट, कडेला डिझेलनं काळा पडलेला चिखल. पाक माती आणायची कुठून?

कुंपणाला लागून एका आगरी दादांचं थोडं भाताचं शेत तेव्हा शिल्लक होतं. त्यांचे टेम्पो आमच्याकडे चालतात. ते हा सगळा प्रकार बघत उभे होते. म्हणाले, “माती पायजे ना मेहताजी? माज्या बांधावरशी न्या. तिथं अजून कोनी भराव टाकला नाय.” मी बांधावरून मूठभर माती घेतली, तिनं हात चोळले, सात वेळा धुतले आणि त्याच वुजूवर जोहर अदा केली. वॉचमन नळ धरून उभा होता. दादांनी तोवर त्याला नामदेवांची गोष्ट सांगून टाकली, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची.

घरी गेल्यावर अम्मीला सांगितलं. आमच्या घरात कुत्रा कधी आला नाही. ज्या घरात कुत्रा असतो तिथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत, ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकलेली. अम्मीनं विचारलं, “सात वेळा धुतलेस ना?” म्हटलं, हो. “माती लावलीस?” लावली. मग जरा थांबून म्हणाली, “आणि पिल्लू?” म्हटलं, जगलं आहे, उद्यापर्यंत बघायचं. “मग उद्या फोन करून सांग मला,” ती म्हणाली.

आपल्या समाजात कुत्र्याचा विषय निघाला की पहिले दोन प्रश्नच विचारले जातात, तिसऱ्यापर्यंत कुणी येत नाही. वास्तविक दीनमध्ये तिसरा प्रश्न ठळक आहे. तहानेनं ओली माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस सहीह बुखारीत आहे. त्याच्या गुनाहांची माफी त्या एका पाण्यावर झाली. अशीच दुसरी हदीस एका बदनाम स्त्रीची आहे. सूरह कहफमध्ये गुहेतल्या तरुणांबरोबर उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्रा आहे. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी कुत्र्यानं पकडलेली शिकार हलाल ठरवली आहे. शेत, गुरं आणि शिकार यांसाठी कुत्रा ठेवायला परवानगी आहे. गोदामाची राखण त्यात बसते की नाही, हे उलेमांनी ठरवावं. आमच्या मालकांचं त्याशिवाय चालत नाही एवढं मला ठाऊक आहे.

सात वेळा धुण्याचा नियम मी पाळतो. त्यातून विज्ञान शोधून काढायची मला गरज वाटत नाही. पण तो नियम नीट पाहिला तर काय दिसतं? कुत्र्यानं तुमच्या भांड्यात तोंड घातलं तर भांडं असं धुवा. म्हणजे कुत्रा तुमच्या आसपास असणार, तुमच्या भांड्यापर्यंत येणार, हे त्यात धरूनच चाललं आहे. धुण्याची रीत सांगितली ती हात लागू शकतो म्हणून. आपण तिचा अर्थ केला, हात लावूच नका. गुदमरणाऱ्या जिवाशेजारी आपले कोरडे हात सांभाळत उभं राहायला ती रीत कुठेच सांगत नाही. पाणी आणि माती नंतरही मिळते. श्वास मात्र थोडीच मिनिटं वाट बघतो.

आणि काही गोष्टी खास आपल्या मोहल्ल्यांसाठी. बकरीदनंतर गल्लीत हाडं उघडी टाकू नयेत. शिजलेलं हाड कुत्र्याला देणं हे सवाब वाटलं तरी तसं नाही. ते फुटून आतडी चिरतं. रमजानमध्ये इफ्तारनंतर खजुराच्या बिया जिथे बसलो तिथेच राहतात, उन्हाळ्यात आंब्याच्या कोयी. पिल्लू त्या आख्ख्या गिळतं आणि आतड्यात त्या बुचासारख्या बसतात. मग ऑपरेशनशिवाय इलाज नसतो. मनुका आणि कांदा तर कुत्र्याला विषारीच. सवाब हवा असेल तर पाण्याचं एक पसरट भांडं आणि मऊ भात, एवढं खूप झालं.

पार्सल आता थोराड झालं आहे. कांडी द्यायचीच झाली तर मुलगी तिचे आधी वाटाण्याएवढे तुकडे करते आणि सपाट तळव्यावर एकेक देते. मोठी वस्तू असेल तर एक टोक स्वतःच्या मुठीत धरते, सोडत नाही. भाताच्या ताटलीत तिनं खाडीवरचा एक मोठा गोल दगड ठेवला आहे, त्याच्या तोंडात मावणार नाही एवढा. त्याच्या भोवतीनं खायचं म्हणून त्याला सावकाश खावं लागतं. त्याच्या आईचं ताट दूर, प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला असतं. हे सगळं डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं. तिनं ते रजिस्टरच्या त्याच पानावर खाली लिहून ठेवलं आहे.

दादांचं ते शेत पुढे गोदामासाठी गेलं. भराव पडायच्या आदल्या दिवशी ते स्वतः एक पत्र्याचा डबा भरून माती घेऊन आले आणि नळाशेजारी ठेवून म्हणाले, “तुमच्या कामाची हाय, ठेवा.” डब्याला झाकण आहे. आमचा मोमीन हमाल तीनदाच धुतो. पण पार्सलनं हात चाटला की हल्ली तोही आधी झाकण उघडून चिमूटभर माती घेतो.